डावी पोटरी

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी मागून दगड मारला.

शिरगावच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसहाच्या सुमारास मी धावत होते. ओहोटी होती, त्यामुळे वाळू ओली आणि पायाला घट्ट लागत होती. किल्ल्याच्या बाजूनं निघायचं, सुरूच्या झाडांपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, हा माझा रोजचा क्रम. परतताना डाव्या पोटरीवर फट्कन काहीतरी बसलं. मी दोन पावलं लंगडत गेले आणि गर्रकन मागे वळले. पंचवीस-तीस पावलांवर एक म्हातारे गृहस्थ उपडी घातलेल्या होडीला तेल लावत बसले होते. त्यांच्याशिवाय किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"लाज नाही वाटत दगड मारायला?" मी ओरडले.

ते दचकून उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी वर करून दाखवले. एका हातात तेलाचा डबा होता, दुसऱ्यात फडकं.

"बाय, माज्या हातात फडका हाय. दगड नाय."

मी आजूबाजूला दगड शोधू लागले. ओल्या वाळूवर माझ्याच पावलांचे ठसे होते, बाकी काही नाही. पोटरीवर हात फिरवून पाहिला. रक्त नाही, ओरखडा नाही. पण डावा पाय टेकवला की आतून कळ येऊन डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. म्हाताऱ्यांनी जवळ येऊन माझ्या पायाकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं आणि होडीशेजारचा एक बांबू उचलून मला दिला. त्या बांबूच्या आधारानं मी घरी आले. त्यांची माफी मागितली की नाही, ते आता आठवत नाही. बहुधा नसावी, कारण दगड नव्हता यावर माझा तोवर विश्वासच बसला नव्हता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक कारखाना होता, तिथे मी टेलिफोन ऑपरेटर होते. शिरगावहून एस.टी.नं पालघर, तिथून गाडीनं मधलं उमरोळी स्टेशन टाकून बोईसर, आणि स्टेशनाबाहेरून कंपनीची बस. पालघरच्या कॉलेजात असताना मी तीन हजार मीटर धावायला लागले होते. कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी धावणं सुटलं नाही. कॉलेजचे खेळाचे सर अजूनही मला ग्राउंडवर येऊ देत, वेळ लावून देत. ठाण्याला जिल्ह्याची निवड चाचणी व्हायची. पहिल्या दोघींना राज्याच्या स्पर्धेला जायला मिळायचं. आदल्या वर्षी माझा तिसरा नंबर आला होता. दुसरी आलेल्या मुलीच्या पाठीवरचा घामाचा डाग मला शेवटपर्यंत दिसत होता, इतकी मी तिच्या जवळ होते. त्यामुळे या वर्षी जायचंच, असं मी आणि सरांनी ठरवून टाकलं होतं.

घरी आल्यावर आईनं पाय पाहिला आणि म्हणाली, "शीर चढलीय." तिनं आंबेहळद उगाळून गरम लेप लावला. संध्याकाळी पालघरला डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "स्नायू दुखावलाय. गरम काही लावू नका, बर्फ लावा." बर्फ आणायचा कुठून? मासळीवाल्यांच्या बर्फाच्या गाड्या सातपाटीकडे जात, पण त्यातला तुकडा मागायची मला लाज वाटली. डॉक्टरांनी पट्टी बांधली, तीन आठवडे धावायचं नाही म्हणाले, आणि टाचेला थोडी उंची असलेली चप्पल घालायला सांगितली, म्हणजे पोटरीवर ताण येणार नाही. ते मला सोपं होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यांत मी हौसेनं उंच टाचांच्या सँडल घेतल्या होत्या. सर म्हणाले, "गोळा आला असेल. पाणी कमी पितेस." कारखान्याच्या फाटकावरचे वॉचमनकाका उत्तरेकडचे होते. मला लंगडताना पाहून ते म्हणाले, "नस खिंच गयी है, मॅडम. गरम तेल लगाओ."

शीर, स्नायू, गोळा, नस. दुखणं एकच आणि जागाही एकच, पण प्रत्येकाला तिथे वेगळंच काहीतरी दिसत होतं. मी सगळ्यांचं ऐकलं. सकाळी लेप, रात्री तेल, दिवसभर पट्टी.

तीन आठवडे पुरे झाले तेव्हा दुखणं पूर्ण गेलं होतं. मी जिन्यावरून उड्या मारून पाहिल्या. चवड्यावर उभी राहिले. काही नाही. कॉलेजच्या ग्राउंडवर गेले, दोन फेऱ्या सावकाश मारल्या, तिसऱ्या फेरीला सरांनी शिट्टी वाजवली तेव्हा थोडा वेग वाढवला, आणि फट्. त्याच जागी. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही, जागच्या जागी खाली बसले. सर धावत आले. मला आठवतं, मी त्यांना विचारत होते, "पण बरं झालं होतं ना? सर, बरं झालं होतं ना?" जणू ते त्यांनाच ठाऊक असणार.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. फोटो उजेडासमोर धरून ते म्हणाले, "यात काही नाही. हाड उत्तम आहे." फोटो घरी आणून मी वडिलांना दाखवला. आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, वडिलांचा सगळा दिवस तिथे जायचा. त्यांनी चिखलाचे हात धुतले, फोटो खिडकीशी नेला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"काही नाही म्हणाले?"

"हो."

"मग दुखतं काय?"

त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि म्हणाले, "पाय तुझा आहे. तुला काय वाटतं ते कर." त्यांनी मायेनंच म्हटलं होतं, पण मला तेव्हा कुणीतरी काय करायचं ते सांगायला हवं होतं. मला काही वाटतच नव्हतं.

या वेळी मी सहा आठवडे थांबले. जानेवारीतली चाचणी त्यातच निघून गेली. ज्या दिवशी ती ठाण्याला झाली त्या दिवशी मी बोर्डावर बसून मुंबईच्या ऑफिसचे ट्रंक कॉल जोडत होते. दुपारपर्यंत दोनदा चुकीच्या टेबलावर कॉल दिला. संध्याकाळी पालघर स्टेशनवर सर भेटले. दुसऱ्या दोन मुलींना घेऊन ते ठाण्याहून परत येत होते. त्यांनी माझ्या पायाची चौकशी केली. मी म्हटलं, आता दुखत नाही. त्यावर ते म्हणाले, "तुला राग येईल, पण एक बोलू? चाचणी जवळ आली की तुझं काही ना काही दुखतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचार कर."

मी एस.टी.त बसून तोच विचार केला. आदल्या वर्षीही चाचणीच्या आधी माझं पोट बिघडलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी ताप. तो खरा ताप होता, आईनं थर्मामीटर लावला होता. पण मग मला भीती वाटते का? वाटते, ते खरं. कुणाला वाटत नाही? पण भीतीनं पोटरीतलं काही तुटतं का? आणि तुटलं असेल तर ते फोटोत का दिसत नाही? शिरगावला उतरेपर्यंत माझी जवळजवळ खात्री झाली होती की मी एक खोटारडी मुलगी आहे, आणि खोटं मी स्वतःच्या पायाकडून बोलवून घेते.

मार्चमध्ये मी एक उद्योग केला. कुणालाही सांगितलं नाही, सरांना नाही, आईलाही नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले आणि बोईसरला जायच्याऐवजी उमरोळीला उतरले. तिथून रस्त्यानं बोईसरपर्यंत धावायचं ठरवलं. चाचणी नाही, शिट्टी नाही, ओळखीचं माणूस नाही. भीती वाटण्यासारखं काहीच नाही. तरीही झालं तर दोष पायाचा, नाही झालं तर माझा. डोकं लावून केलेली परीक्षा होती ती.

पहिला मैल छान गेला. दोन्ही बाजूंना गवताच्या गंजी होत्या, टोपल्या-कुऱ्हाडी घेऊन डोंगराकडची काही कुटुंबं कामाला निघाली होती. त्यातल्या एका बाईनं मला पाहून विचारलं, "कोन लागलंय मागं?" मी हसून हात हलवला. बोईसरच्या बाजूची धुरांडी दिसायला लागली, कारखान्यांचा तो आंबूस वासही येऊ लागला, आणि त्याच जागी फट् झालं.

मी रस्त्याच्या कडेला एका मैलाच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. म्हणजे मी खोटी नव्हते! पाय खरंच दुखत होता! ती डोंगराकडची मंडळी मागून आली. मला एकटीच पाय धरून हसताना पाहून ती बाई थांबली, पण काही न बोलता पुढे गेली.

आनंद पाच-दहा मिनिटं टिकला. मग मनात आलं, चाचणी नव्हती म्हणतेस, मग ही काय होती? परीक्षा तर तू स्वतःच लावली होतीस. म्हणजे पुन्हा काहीच सिद्ध झालं नव्हतं, आणि बोईसर अजून दोन मैल लांब होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर लंगडतच गेले. फाटकावर वॉचमनकाकांनी कपाळाला हात लावला. "फिर से, मॅडम?" आणि मग फाटकाबाहेर मासळी घेऊन बसणाऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "उस मावशी को दिखाओ. हड्डी बिठाती है."

मावशी जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूर गावची. पाळी सुटायच्या वेळी ती आमच्या फाटकाबाहेर टोपली घेऊन बसायची. आम्ही बायका घरी जाताना तिच्याकडून बोंबील, मांदेली घ्यायचो. साठीच्या आसपासची, काटक, आणि गिऱ्हाइकाशी कमीत कमी बोलणारी. संध्याकाळी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाय दुखतो म्हणून सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी रोज बघते तुला. तुजी टाच टेकतच नाय."

"म्हणजे?"

"ते काड पायातलं."

मी सँडल काढल्या. ती मला कारखान्याच्या कुंपणाच्या कट्ट्याशी घेऊन गेली, चवडे कट्ट्यावर ठेवून उभं राहायला लावलं आणि म्हणाली, "आता टाच खाली सोड." उजवी टाच कट्ट्याच्या खाली गेली. डावी अर्ध्यातच अडकली, आणि पोटरी अशी ताणली गेली की मी वॉचमनकाकांच्या केबिनची खिडकी धरली.

"बघ," मावशी म्हणाली. "दिसभर कशी बसतेस?"

मी विचार केला. बोर्डासमोरचं स्टूल उंच होतं, माझे पाय जमिनीला पुरत नसत. खालच्या दांडीवर मी चवडे टेकवून बसायची, आठ-आठ तास. हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं पोटरीला हातसुद्धा लावला नाही. तेल नाही, लेप नाही. म्हणाली, "सुट्टीला नवापूरला ये. सकाळी. होड्या लागतात तवा."

पंधरवडा थांबून, दुखणं जरा उतरल्यावर मी गेले. मला वाटलं होतं, घरी बसवून काहीतरी चोळेल, एखादी मुळी बांधेल. ती किनाऱ्यावरच भेटली. ओहोटीमुळे होड्या बऱ्याच आत थांबल्या होत्या आणि बायका भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन ओल्या वाळूतून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत नेत होत्या. मावशीनं माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर टोपली.

"आता चाल. टाच आदी. सावकाश. पळायचं नाय."

"मावशी, पण डॉक्टर म्हणाले की ओझं..."

"डाक्टर हिकडं हाय का?"

टोपलीतून पाणी गळून कानामागून पाठीवर येत होतं. आधी टाच टेकवायची म्हटल्यावर प्रत्येक पावलाला पोटरी लांबत होती, दुखतही होती, पण ते वेगळंच दुखणं होतं, वाहत्या पाण्यासारखं सरकणारं. बाकीच्या बायका मला बघून हसत होत्या. एकीनं विचारलं, "नवी सून का गो?" मावशी म्हणाली, "कंपनीतली हाय. पाय बसवायला आलीय." त्यावर सगळ्याच हसल्या. मी चार खेपा केल्या. निघताना मावशीनं कागदात बांधून मूठभर मांदेली दिली.

घरी आल्यावर आईनं मांदेली घेतली आणि मग माझ्या केसांचा वास घेतला. काय झालं ते सांगितल्यावर ती तिथेच पाटावर बसली.

"तू डोक्यावर घेतलीस?"

"हो."

"लोकांनी पाहिलं?"

"नवापूरच्या."

"मासे विकत घ्यायचे असतात, बाळा. वाहायचे कशाला? दुखणाऱ्या पायानं?"

मला आईचंही पटत होतं. डॉक्टरांनी टाच उंच ठेवायला सांगितली होती, मावशी म्हणत होती टाच खाली गेली पाहिजे. डॉक्टर शिकलेले होते, त्यांचा मान मोठा होता, आणि मावशीला माझा पाय दिसला होता. डॉक्टरांना फोटो दिसला होता. मला काय दिसत होतं? मी कामावर पोचल्यावर साध्या चपला घालू लागले, आणि गावात आईसमोर उंच टाचांच्या. म्हणजे निम्मा दिवस एकाचं ऐकायचं, निम्मा दिवस दुसऱ्याचं. बोर्डाखाली मात्र मी एक लाकडी खोकं ठेवलं आणि पाय त्याच्यावर सपाट टेकवून बसू लागले. साहेबांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, उंदरांसाठी. का म्हटलं, देव जाणे.

एप्रिल-मे दर सुट्टीला मी नवापूरला जात राहिले. चाराच्या आठ खेपा झाल्या, मग मी मोजणं सोडलं. कट्ट्यावर टाच खाली सोडायचा खेळ मी दिवसातून तीन-चार वेळा करायची, एस.टी.च्या थांब्यावरसुद्धा. डावी टाच हळूहळू उजवीच्या बरोबरीला आली. पुढे पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या गेल्या, समुद्र बंद झाला, आणि मावशी फाटकावर सुके बोंबील आणि जवळा घेऊन बसू लागली.

"आता पळू का?" मी विचारलं.

"पळ. दोन खांब पळ, दोन खांब चाल."

शिरगाव-पालघर रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर मी ते करून पाहिलं. दोन खांब धावायचे, दोन चालायचे. पहिला आठवडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या आठवड्यात, दुसरा खांब गाठत असताना पोटरीत काहीतरी हललं. फट् नाही झालं, पण हललं. मी तशीच थिजून उभी राहिले. पायाला हात लावायचं धाडस होईना. मागून आलेला ट्रक हॉर्न वाजवत होता आणि मी रस्त्याच्या मध्ये उभी. शेवटी क्लीनरनं खाली वाकून विचारलं, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

घरी चालत आले. चालताना दुखलं नाही. रात्री दुखलं. सकाळी नाही. दुपारी बोर्डावर बसले असताना पुन्हा दुखल्यासारखं झालं, मग एक लांबचा कॉल आला आणि तो जोडण्याच्या गडबडीत ते गेलं. कॉल संपला तसं ते परत आलं. संध्याकाळी मावशीला हे सगळं सांगितलं. ती जवळ्याचं माप भरत होती. भरून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दुखतं की आठवतं?"

मी तिथेच उभी राहिले. माझ्या मागे गिऱ्हाइकांची रांग झाली. दुखणं आणि आठवणं यांत माझ्या पायाला फरक कळत नव्हता, आणि मलाही नाही. "मावशी, ते कसं ओळखायचं?" मी विचारलं. तोवर तिनं पुढच्या बाईचा रुमाल हातात घेतला होता.

मी धावत राहिले. रोज कुठे ना कुठे काहीतरी हलायचं, मी थांबायची, मग काही नसायचं. एकदा थांबलेच नाही, तेव्हाही काही झालं नाही. त्याचा अर्थ काय, हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "अर्थ काढू नकोस, फेऱ्या मार." पावसानंतर मी पुन्हा किनाऱ्यावर गेले, ग्राउंडवर गेले. दिवाळीपर्यंत जुना वेग आला. प्रत्येक वेळी शिट्टी वाजली की माझा डावा पाय क्षणभर वाट पाहायचा.

जानेवारीत ठाण्याला चाचणी झाली. आम्ही अकरा मुली होतो. साडेसात फेऱ्या. पाच फेऱ्या मी दुसरी होते, पुढची मुलगी मला सहज गाठता येईल अशी. सहाव्या फेरीच्या वळणावर पोटरीत ओढ बसली. अगदी ओळखीची. मी स्वतःला विचारलं, दुखतं की आठवतं, आणि विचारता विचारता माझा वेग पडला. एक मुलगी पुढे गेली. दुसरी गेली. मी वाट पाहत होते, आता फट् होईल, आता होईल. सरळ रस्ता संपला, पुढचं वळण संपलं, काही झालं नाही. ओढ कधी गेली, तेही कळलं नाही. शेवटच्या फेरीत मी जीव तोडून धावले, एका मुलीला मागे टाकलं आणि तिसरी आले. पुन्हा तिसरी.

परतताना गाडीत सर माझ्यासमोर बसले होते. विरार गेलं. मग म्हणाले, "शेवटच्या फेरीत एवढा दम होता, मग सहाव्या फेरीत काय झालं?"

"पोटरी ओढली, सर."

"आता दुखतेय?"

"नाही."

"मग?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मिठागरं चालली होती. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाय मात्र दोन्ही सपाट टेकलेले होते आणि चांगले होते, याचं आतून बरं वाटत होतं आणि त्याच वेळी हरल्याचं वाईटही. यातलं कुठलं मोठं, ते ठरेना. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मावशीला पेढे नेले. तिसरा नंबर आला म्हणून नव्हे, पाय टिकला म्हणून. तिनं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुटचा पाय गो तुजा? उजवा ना?"

"डावा, मावशी."

"हां. डावा."

मला हसू आलं. मी म्हटलं, "मावशी, पण तुम्हाला कळलं कसं, की ओझं घेऊन चालल्यानं बरं होईल?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच तिला काही नवं सांगत होते. "मला काय ठावं? हाड सरकलं तर बसवते मी. तुजं हाड कुटं सरकलं होतं? सून बाळंतपणाला गेलेली, टोपली उचलायला घरात कोन नव्हतं. तू आलीस. म्हटलं, चालव हिला, चालून काय वायट व्हत नाय."

फाटकावर वॉचमनकाका हे ऐकत होते. ते मोठ्यानं हसले. मी हसावं की रागवावं, मला समजेना. दोन महिने मी तिची टोपली वाहिली, आईशी भांडले, साहेबांना उंदरांचं खोटं सांगितलं. आणि तरीही डावी टाच आता कट्ट्याखाली उजवीइतकीच जात होती. त्याचं काय करायचं?

"मग टाच टेकत नाही, ते?" मी विचारलं.

"ती खरंच टेकत नव्हती," मावशी म्हणाली, आणि एका गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, चाचणीला मी गेलेच नाही. लग्नानंतर आम्ही बोईसरला राहायला आलो. पुढची सात-आठ वर्षं मी सकाळी धावत होते, स्पर्धेसाठी नाही, अशीच, नवापूरच्या रस्त्यानं. डाव्या पोटरीत ते पुन्हा कधी झालं नाही. एकदा उजव्या पायात झालं, तेव्हा मी महिनाभर सगळंच केलं, बर्फ, लेप, तेल, खोकं, कट्टा, आणि तेही गेलं. कशानं गेलं ते कळलं नाही.

नव्वद साल उलटून गेल्यावर केव्हातरी, आमच्या कारखान्याच्या हिशेब विभागातली एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिच्या नवऱ्याची पोटरी धावताना दुखावली होती, दोनदा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मला यातलं कळतं. मी तिला खुर्ची दिली आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिले. डॉक्टर काय म्हणाले, मावशी काय म्हणाली, टाच वर ठेवायची ते, खाली सोडायची ते, थांबायचं ते आणि न थांबायचं ते. ती लक्ष देऊन ऐकत होती. घंटा झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे नक्की काय करू म्हणून सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "चालायला सांगा. सावकाश. आणि मग मला येऊन सांगा काय झालं ते."

ती बरं म्हणून गेली.